परसासकट घर धाकट्या सुनेला

मी, वय एक्याऐंशी, जन्मभर पंपदुरुस्ती करून आता घरी बसलेला, हे मृत्युपत्र पूर्ण शुद्धीत लिहितो. कोणाचा दबाव नाही. दबाव आणायला घरात कोणी उरलेलंच नाही.

१. बँकेतली शिल्लक मुलीला द्यावी. माझ्या आजारपणात रजा काढून आली ती एकटीच.

२. पाने, पकडी आणि चेनपुली जुन्या भागीदाराला. त्याने मला फसवलं, पण त्याचा हात चांगला आहे. अवजारं गंजू नयेत.

३. "परसात खरकटं पुरता, उंदीर होतील," असं म्हणत शेजारच्या मास्तरांनी कुंपणावरून दिलेला पिंजरा त्यांना परत करावा. त्यात एकही उंदीर सापडला नाही. मास्तरांची खात्री मात्र अजून पक्की आहे.

४. राहतं घर, परसासकट, धाकट्या सुनेला. मोठ्या मुलाला हे रुचणार नाही, म्हणून खुलासा करतो.

खताचा ढीग घालायला आमच्याकडे जागा नव्हती. धाकटीने आपली रीत काढली. रोज हातभर खोल खड्डा, त्यात सालं, देठं, चहाचा चोथा, वर माती आणि खुणेला काठी. उद्याचा खड्डा काठीच्या पुढे. धाकटा गेला त्याच्या दुसऱ्या दिवशीही ती खणत होती. मी चारचौघांत म्हणालो, "माझा मुलगा गेला आणि तुला सालांची पडलीय?"

ती म्हणाली, "मामंजी, मला दुसरं काही सुचत नाहीये."

मी फावडं हिसकावून घेतलं. या घरात आता तुझं काही नाही, असंही बोललो. महिन्याभरात ती माहेरी गेली. त्याला अकरा वर्षं झाली.

पुढे बायको गेली, आणि दुसऱ्या दिवशी मी स्वतः फावडं घेऊन परसात उभा होतो. मलाही दुसरं काही सुचत नव्हतं. तेव्हापासून खणतो आहे. पूर्वी दिवसाला एक खड्डा भरायचा. एकट्याच्या सालांनी आता आठवडा लागतो. माती इतकी भुसभुशीत झाली आहे की हात कोपरापर्यंत जातो. तिच्यात काही लावावं, अशी उमेद मात्र राहिली नाही.

५. धाकटीला दोन पत्रं टाकली. पहिल्याला उत्तर नाही. दुसरं न फोडता परत आलं, ते सोबत जोडलं आहे. तिने घर नाकारलं तर मोठ्या मुलाने खुशाल विकावं. तिची मनधरणी करायला किंवा कारण विचारायला कोणी जाऊ नये. कारण मीच देऊन ठेवलं आहे.

लिहून देणार: सही

साक्षीदार, दोघांनी माझ्यादेखत वाचून सही केली:
१. दवाखान्यातले कंपाउंडर (सही)
२. कोपऱ्यावरचा शिंपी (सही)

ठिकाण: राहत्या घरी, स्वयंपाकघरातलं टेबल
सोमवार, दिनांक चौदा