फाट्यावरच्या दिव्याची काच

१२ नोव्हेंबर १९७३, सोमवार. पहाटे ५

आजपासून रोजनिशी. मिल्ट्रीत अठरा वर्षं ड्रायव्हर होतो, एक अपघात नाही. (जबलपूरला झाड मध्ये आलं, ते धरायचं नाही.) रिटायर झाल्यावर शिस्त ढिली पडली, ती परत आणायची. पाचला उठणे. दंड-बैठका. चहा बंद. कुणाशी वाद नाही.

सकाळी ७. दंड मारताना पाठीत चमक भरली. अंबूनं चहा ठेवलाच होता. टाकून द्यायचा म्हणजे नासाडी. प्यालो.

१४ नोव्हेंबर, रात्री

ग्रामसभा झाली. गाजवली. कारखान्याचा हंगाम सुरू झाला, म्हणून फाट्यावर खांब रोवून त्यावर दोन दिवे लावलेत. वर लाल, खाली हिरवा. खोपटात पंचायतीचा शिपाई ज्ञानू बसणार आणि बटण दाबणार. लाल लागला की थांबायचं. का, तर गेल्या साली त्याच फाट्यावर हरिबाची उसाची बैलगाडी ट्रकखाली आली, बैल गेला, हरिबाचा पाय गुडघ्यापासून गेला.

मी उठून स्पष्ट बोललो. म्हटलं, दिवा लावून माणूस शहाणा होत नाही. शिस्त आतून यावी लागते. ज्यानं त्यानं आपली जबाबदारी घ्यावी, खांबावर कशाला ढकलता? मागून हरिबा कुबडीवर उठला. म्हणाला, हवालदार, माजा पाय गेला त्यो बी माज्याच जबाबदारीवर का? मी म्हटलं, अर्थात. तुझ्या गाडीला कंदील नव्हता.

सगळी सभा गप्प झाली. मुद्दा पटला असणार.

१९ नोव्हेंबर

दिव्याची तपासणी करून आलो. अगदी रद्दी काम. कुठला लागलाय तेच कळत नाही. नुसता धूर दिसतो. काच मळलेली. ज्ञानूला फैलावर घेतलं. म्हणतो, आत्ताच पुसली. खोटारडा.

घरी येऊन सांगितलं तर अंबू म्हणाली, आवं, काच न्हाई मळली, तुमचं डोळं मळल्यात. मिरजेचा डॉक्टर मोतीबिंदू म्हणाला होता, तेच परत उगाळलं. ऑपरेशन करा, न्हाईतर फटफटी तरी सोडा म्हणते. मोतीबिंदू म्हाताऱ्यांना होतो. मी पन्नाशीचा गडी. डॉक्टर लोकांचा धंदाच तो. मूल होईना तेव्हा एका डॉक्टरनं मलाही तपासून घ्या म्हटलं होतं! मला! सैनिकाला! उठून आलो होतो. दोष कुणात होता ते सगळ्या गावाला ठाऊक आहे.

२६ नोव्हेंबर

लाल दिव्याला एक माणूस थांबत नाही. मी म्हणालोच होतो. आता सरपंच भाऊसोंनी नवी टूम काढली. पलूसचा सिद्धू फोटोवाला कॅमेरा घेऊन फाट्यावर बसणार. लाल मोडला की फोटो. फोटो चावडीच्या बोर्डावर लावायचा, वर मथळा: ‘कायदा मोडणारे’.

ही हेरगिरी आहे. स्वतंत्र देशात माणसावर पाळत! भाऊसोंना तोंडावर सांगितलं. ते म्हणाले, हवालदार, तुमी मोडत न्हाई नव्हं? मग तुमाला कशाची भीती? उर्मट माणूस.

निश्चय: माझा फोटो त्या बोर्डावर कधी लागणार नाही.

४ डिसेंबर

हसून हसून पोट दुखलं. बोर्डावर पहिले फोटो लागले आणि गाव लोटलं. फोटो फुकट! जन्मात ज्यांनी कॅमेरा बघितला नाही ते आता नवा पटका बांधून फाट्यावर येतात. हिरव्याला गाड्या उभ्या आणि लाल लागला की बैल हाकतात. धोंडुबाईनं सुनेला नथ घालून गाडीत बसवलं आणि दोनदा लाल मोडला, पहिल्या वेळी सुनेचे डोळे मिटले म्हणून. सिद्धू पण म्हणतो, मावशी, जरा हसा. आज हिरव्याला रांग कारखान्यापर्यंत गेली होती.

भाऊसो कपाळाला हात लावून बसले होते. मुद्दाम त्यांच्यासमोरून दोन चकरा मारल्या.

९ डिसेंबर

भाऊसोंनी उलटं केलं. आता लालला जो थांबेल त्याचा फोटो फुकट, घरी न्यायला. मोडेल त्याचा बोर्डावर. झालं! सगळे थांबायला लागले. बैलांची शिंगं रंगवून थांबतात. बोर्ड ओस पडलाय.

ही लाच आहे. फोटोच्या लालचेनं थांबतो तो माणूस नव्हे. भाऊसोंना लेखी कळवणार आहे.

१० डिसेंबर

अंबूचं डोकं फिरलंय. रात्री जेवताना म्हणाली, उद्याच्या बाजाराला जाताना लालला थांबू या की. आपला दोघांचा एक फोटो न्हाई. लग्नात तुमी चार दिसाची रजा घिऊन आला आन् गेला. मग दर रजेला म्हणायचा, सांगलीला फोटो काढू. लय रजा झाल्या.

खरं आहे, म्हणायचो. पण दर वेळी काही ना काही निघायचं. एकदा तर स्टुडिओच्या दारात उभे होतो, तेवढ्यात आमच्या युनिटचा एक दोस्त भेटला. अंबू दोन तास पायरीवर बसून होती. चांगली बाई आहे तशी.

पण तत्त्व ते तत्त्व. म्हटलं, फोटोसाठी मी थांबणार नाही. तिनं ताट सारलं. मग म्हणाली, फोटोसाठी नगा थांबू. दिव्यासाठी थांबा. बायकांशी वाद घालण्यात अर्थ नाही.

११ डिसेंबर, सकाळ

बाजाराला निघतोय. अंबूनं हिरवं इरकल काढलंय, डोक्याला तेल, कपाळावर मोठं कुंकू. बाजाराला एवढं कशाला? विचारलं तर म्हणाली, असंच.

१३ डिसेंबर. सांगली, दवाखाना

आज लिहायला वेळ मिळतोय. परवा बाजारातून येताना फाट्यावर किरकोळ अपघात झाला. आकारामची उसाची गाडी एकदम आडवी आली. मी उसावर पडलो, नाक खरचटलं. अंबू चाकाशी पडली. डावी मांडी मोडली. डॉक्टर म्हणतात, हाड दोन ठिकाणी मोडलंय, पाय आखूड राहील.

दिवा हिरवाच होता. निदान लाल दिसत नव्हता. सूर्य समोर, काच मळकी. आणि तो सिद्धू, मला हाळी द्यायची सोडून त्यानं फोटो काढला! याला माणुसकी म्हणायची का?

अंबू रात्रभर कण्हत होती. मला झोप लागली नाही. बाकडं फार अरुंद आहे.

१५ डिसेंबर

फौजदार जबाब घ्यायला आले. मी मिल्ट्रीचा माणूस, सरळ रिपोर्ट दिला. मागे बसणाऱ्याचीही काही जबाबदारी असते. हिला फोटोची हौस. कॅमेरा दिसताच हिनं हात बाहेर काढला, माझा खांदा ओढला, त्यामुळे फटफटीचा तोल गेला. वस्तुस्थिती अशी आहे.

कॉट तिथंच होती. अंबू जागी होती हे मला माहीत नव्हतं. फौजदारांनी तिला विचारलं, बाई, असंच झालं का? ती छताकडे बघत म्हणाली, लिवा सायेब. माज्या नावावर लिवा. आजपातूर समदं माज्याच नावावर लिवलंय.

बघा, कबूल केलं. तरी फौजदारांनी जाताना मला रामराम घातला नाही. पोलिसांना मिल्ट्रीबद्दल पोटदुखी असतेच.

१८ डिसेंबर

कपडे न्यायला गावात आलो. चावडीपुढं ही गर्दी. बोर्डावर एकच फोटो, माझा. बघायला पुढं झालो, नीट दिसेना. वाईट छापलाय. आकारामला म्हटलं, काय दिसतंय सांग. त्यानं बोट ठेवून सांगितलं: ह्यो लाल दिवा, ह्ये तुमी, मान ताठ. ह्या अंबूवैनी. येक हात तुमच्या खांद्यावर, दुसरा दिव्याकडं. तोंड उघडं हाय. वरडायला लागल्यात, लाल हाय, लाल हाय. मला गाडीवर आयकाय आलं हुतं. तुमाला कसं न्हाई आलं?

फटफटीच्या आवाजात कुणाला ऐकू येतं?

कुणी हसलं नाही. हसले असते तर बरं झालं असतं. हरिबा कुबडीवर बाजूला उभा होता. म्हणाला, हवालदार, माज्याकडं जुनी कुबडी हाय. वैनीस्नी द्या. मी घेतली नाही. रस्त्यात फार वाईट वाटलं. बहुतेक उन्हामुळं.

३१ डिसेंबर

वर्षाचा शेवट. नवे निश्चय: पाचला उठणे. चहा बंद. अंबू आली की सांगलीला नेऊन फोटो काढणे, चांगल्या स्टुडिओत. मोठा, फ्रेमसकट. एवढ्यानं ती खूश होईल. बायकांचं मन राखणं काही अवघड नसतं.

घरात दूध उतू गेलं. चुलीवर सगळं मलाच बघावं लागतंय.

६ जानेवारी १९७४

अंबूचा भाऊ अर्जुना लोणंदहून ट्रक घेऊन आला आणि परस्पर दवाखान्यातून तिला घेऊन गेला. मला विचारलं नाही. मी दारात उभा होतो, नवं धोतर नेसून. म्हटलं, घरी चल, मी सगळं बघतो. ती म्हणाली, तुमाला काय दिसतंय?

एवढंच बोलली. ट्रकमध्ये चढवताना कळवळली. मी हात दिला होता. तिनं अर्जुनाचा धरला.

हरकत नाही. राग शांत झाला की येईल. कुठं जाणार आहे?

१४ जानेवारी, संक्रांत

लोणंदला तिळगूळ पाठवला. चार दिवसांत परत येईल असा अंदाज.

२३ जानेवारी

तिळगूळ परत आला. पुडी फोडलेली पण नव्हती.

२७ जानेवारी, रविवार

चावडीपुढं भाऊसो भेटले. म्हणाले, सिद्धूच्या स्टुडिओत वैनींचा फोटो लावलाय, बघितला का? त्या दिवशी लोणंदला जाताना तिनं म्हणे पलूसला ट्रक थांबवला. प्लास्टरसकट आत गेली, खुर्चीवर बसली, एकटीचा फोटो काढला. सिद्धूला इतका आवडला की त्यानं दर्शनी काचेत लावला.

तडक गेलो. सिद्धूला म्हटलं, एक कॉपी दे, नवरा आहे मी. तो म्हणाला, वैनीनं सांगितलंय, कुणाला बी द्या, ह्यास्नी नगा. बाहीर काचेत लावलाय, बघा की किती बघायचाय.

बाहेर येऊन काचेला नाक लावलं. पाच-सहा फोटो असावेत. सगळ्या बायकाच वाटल्या. सगळ्यांना कुंकू. एक हिरवं लुगडं असेल म्हणून शोधलं, पण फोटोत सगळंच करडं. बराच वेळ उभा होतो. शेवटी जाणाऱ्या एका म्हातारीला विचारलं, ह्यात लंगडी बाई कुठली? ती म्हणाली, समद्या बसल्यात की रं बाबा. लंगडी कोन, कसं कळंल? तुजी कोन ती? मी म्हटलं, मंडळी. ती म्हणाली, मग तूच वळीक की.

चार वाजता घरी आलो. चहा केला.

काच फार मळलीय. पुसायला हवी. सिद्धूला सांगितलं पाहिजे.