संत्र्यांची टोपली पुढे, मी मागे

सौंसर, शुक्रवार, १२ डिसेंबर १९८६

आज माझा आसनभ्रंश झाला. घाटातल्या देवीला वाहायची पहिल्या तोडीची संत्री टोपलीसह जीपमध्ये पुढे विराजमान, आणि मी मागे. तक्रार केली तर आमची सुधा म्हणते, "बाबा, तुमी वळणावर डोये मिटून घेता. संत्री गुमान बसते."

तामियाचा अख्खा घाट लेकीनं चालवला. गिअर एकदाही कुरकुरला नाही. शेवटची टेकडी पायी चढलो. समोर सातपुड्याच्या रांगा, पण मी खालच्या जीपकडेच पाहून राहिलो होतो. परतताना टोपली रिकामी, म्हणून मला पुढची जागा मिळाली. डोळे उघडेच ठेवले.

रविवारी तिला पाहायला पाहुणे येताहेत. तिची आई म्हणते, जीपचं बोलू नका. जिल्हाभरच्या बातम्या पेपरला पाठवणारा मी, ही एक बातमी भीतीनं दडपीन असं वाटतं.