ढबीच्या ऑपरेशनाआधी

शुक्रवार, ता. १२

प्रिय ताई,

नमस्कार. आम्ही सगळे ठीक. तू फोन उचलत नाहीस, म्हणून हे पत्र रफूच्या कपड्यांत घालून तुझ्या शिलाईच्या दुकानात पाठवते आहे. तिथे भाऊजी हात घालणार नाहीत.

मला पहिल्यांदा पाळी आली तेव्हा बाथरूमच्या दाराआड तू म्हणाली होतीस, "हे कुणाला बोलायचं नसतं, कळलं?" कळलं. पण तेव्हा आपल्या घरात कुत्री नव्हती गं!

काल मीही तुमच्याबरोबर दवाखान्यात होते. डॉक्टरांनी ढबीला तपासून सरळ विचारलं, "नसबंदी झालेली कुत्री माजावर आल्यासारखी कशी? घरात कुणी अंगाला हार्मोनचं जेल लावतं का?" तू भिंतीवरचा तक्ता वाचत बसलीस. भाऊजी हसले, "आमच्याकडे कोण लावणार? दोघंच तर आहोत, म्हातारा-म्हातारी!" आणि तू मान डोलावलीस. मग डॉक्टर म्हणाले, अंडाशयाचा तुकडा आत राहिला असेल, सोमवारी पोट उघडून बघू.

ताई, डोकं ठिकाणावर आहे का तुझं? नसलेला तुकडा शोधायला त्या मुक्या जिवाचं पोट फाडायचं?

अंघोळीनंतर दंड उघडा टाकून तू पंख्याखाली बसतेस, कुणी आलं की टॉवेल ओढून घेतेस. ढबी येऊन तोच दंड चाटते. वर म्हणतेस, "बघ किती माया!" हे मला कसं कळलं, विचारू नकोस.

बरं, विचार. मीही जेल वाळेपर्यंत तशीच बसते. पाळी जायला लागली तेव्हापासून. घामाने भिजून उठायचे, भाजीत मीठ राहिलं म्हणून रडायचे. घरी कुणाला सांगितलं नाही. तुलासुद्धा नाही.

पण मी जेल मांडीला लावते, वाळलं की कपड्याखाली झाकते, हात साबणाने धुते. तू जगाच्या बाह्या शिवतेस, स्वतःला एक लांब बाही शिवता येईना? आणि ते चाटणं आजपासून बंद. जेलचंच असेल तर चाटणं थांबल्यावर माज हळूहळू उतरतो, हे डॉक्टरच म्हणाले ना? तुझ्या देखत?

भाऊजींपुढे तोंड उघडत नसेल, तर माझं नाव सांग. म्हण, धाकटी सारखी येते-जाते, तीच लावते, तिचंच चाटलं. पण सोमवारच्या आत डॉक्टरांना सांग.

नाही म्हणशील, ठाऊक आहे. तरी माझंच नाव सांग.

तुझी,
वैतागलेली धाकटी