काढून टाकलेला नाच

गाझियाबाद, ११ ऑगस्ट २०१९

ती. कौशल्याआत्यास,
उत्तराचा सात अंगांनी नमस्कार. आठवं अंग म्हणजे गुडघा, तो सध्या वाकत नाही.

तुला फोनवर ऐकू येत नाही, म्हणून बाबांनी मेसेजमध्ये ‘किरकोळ दुखापत’ एवढंच कळवलं. किरकोळ नाही, आत्या. दिल्लीत मंडी हाउसच्या थिएटरात, नृत्यनाटिकेत कथकची चक्कर घेताना गुडघ्याचं लिगामेंट फाटलं. ऑपरेशन झालं. डॉक्टर म्हणाले, चाला, जिने चढा, पण स्टेजवरचं नाचणं विसरा. बाबा आता माझ्यासाठी शाळेत डान्स टीचरची पक्की नोकरी शोधताहेत.

परवा आमच्या ग्रुपचा कार्यक्रम विंगेत खुर्चीवर बसून पाहिला. रडू येऊ नये म्हणून कुणाचा तरी कॅमेरा घेतला आणि शूटिंग करत बसले. घरी येऊन बघते तर काही वेगळंच. शूटिंगवाले नेहमी अख्खं स्टेज धरून ठेवतात. मला ठाऊक असतं, पाऊल पडायच्या आधी नाचणारीचा श्वास कुठे अडतो ते. कॅमेरा आपोआप तिकडे गेला होता. यार, नशाच चढली. आता हेच शिकावंसं वाटतंय. बाबांना अजून बोलले नाही.

पत्राची वाट बघते.
तुझी,
उत्तरा

वाई, २३ ऑगस्ट २०१९

चि. उत्तरास,
अनेक आशीर्वाद, आणि गुडघ्याला एक जास्तीचा.

पत्र वाचून देवापाशी बसले, मग उठून चहा केला. आपल्या घरात दुःखाचा क्रम असाच आहे. मी दिल्लीत नोकरीला असताना ऑफिस सुटलं की तुला करोल बागेत नाचाच्या क्लासला न्यायचे, ते दिवस डोळ्यांपुढे आले. खाली साड्यांचं दुकान, वर तुमचा ताथैया. गिऱ्हाइकांच्या डोक्यावर चुना पडतो म्हणून दुकानाचे मालक लालाजी जिन्यात उभे राहून ओरडायचे. परतताना छोले-कुलचे, आणि बसमध्ये तू माझ्या खांद्यावर झोपलेली.

पण झोपेपर्यंत काय बडबडायचीस, आठवतं? स्वतःच्या नाचाबद्दल अवाक्षर नाही. कोण कुठे उभी राहायला हवी होती, कुणाचा हात उशिरा उठला, शेवटी दिवा कुणावर हवा होता, हेच. मी ऐकता ऐकता पेंगायचे. आता वाटतं, नीट ऐकायला हवं होतं.

विनायकची काळजी करू नकोस. तो तुझा बाप असला तरी माझा धाकटा भाऊ आहे. त्याला वेगळं पत्र टाकलंय. तू शिक.

औषधं वेळेवर घे आणि मराठीत ‘यार’ कमी घाल.
तुझी,
आत्या

गाझियाबाद, १८ फेब्रुवारी २०२४

ती. आत्यास,
नमस्कार. यार नाही, बिल्कुल नाही.

इतकी वर्षं दुसऱ्यांच्या सेटवर गर्दी आवरली, पाण्याच्या बाटल्या वाटल्या. आता माझा पहिला सिनेमा चालू आहे. करोल बागेतल्या कपड्यांच्या दुकानात काम करणाऱ्या बाईची गोष्ट. लग्नाआधी ती नाचायची. एका दुपारी दुकान बंद असताना ती एकटी नाचते. सगळा सिनेमा त्या नाचावर उभा आहे.

आणि शूटिंग तोंडावर आलं असताना हिरॉइन मोठं काम मिळालं म्हणून सोडून गेली. सगळे म्हणाले, तूच कर. आत्या, खोटं कशाला सांगू, मी याचीच वाट बघत होते. गुडघ्याला पट्टा बांधला, पायांत घुंगरू बांधले आणि नाचले. युनिटने टाळ्या वाजवल्या. बाबा आले होते, तेही उभे राहिले.

मग मॉनिटरवर बघितलं. नाच चांगला होता, पण मी सभागृहातल्या शेवटच्या रांगेसाठी नाचत होते. त्या बाईला तर कुणीच बघत नाहीये. मी बाहेर जाऊन दुकानाच्या पायरीवर बसले. बराच वेळ. मग इशिताला फोन केला. ग्रुपमध्ये ती कायम माझ्या मागच्या रांगेत असायची. आता घर-संसारात आहे. ती आली, दोन ठिकाणी चुकली, स्वतःशीच हसली आणि नाचत राहिली. तोच शॉट ठेवला. माझा काढून टाकला. बाबा जेवायला न थांबता परत गेले.

बरोबर केलं ना गं मी?
उत्तरा

वाई, ६ नोव्हेंबर २०२४

चि. उत्तरास,
आशीर्वाद, आणि दिग्दर्शक बाईंना नमस्कार.

शेजाऱ्यांनी गाडीने पुण्याला नेलं, महोत्सवात तुझा सिनेमा पाहिला. मला घुंगरू ऐकू आले नाहीत, पण इशिता हसली तिथे अख्खं थिएटर पुढे झुकलं, ते दिसलं. तू बरोबर केलंस. विनायकलाही तसं लिहिलंय.

आता एक मागणं. तुझा तो नाच पुसून टाकला नसशील तर घेऊन ये. मला तो सिनेमा म्हणून बघायचा नाही. थंडी वाढायच्या आत ये.
तुझी,
आत्या

गाझियाबाद, २ डिसेंबर २०२४

ती. आत्यास,
नमस्कार. पोचले सुखरूप. तू दिलेला चिवडा बाबांनी स्टेशनपासून घरापर्यंत रिक्षातच अर्धा केला.

तिथे बोलता आलं नाही म्हणून लिहिते. तू लॅपटॉपवर माझा नाच बघत होतीस आणि मी तुला. संपल्यावर तू चष्मा पुसलास आणि म्हणालीस, “छान नाचायचीस गं.”

नाचायचीस. इतकी वर्षं माझ्यापुढे असं कुणी म्हणू धजलं नव्हतं. डॉक्टर नाही, बाबा नाहीत, मी स्वतःसुद्धा नाही. मला वाटायचं, ज्या दिवशी कुणी म्हणेल त्या दिवशी मी मोडून पडेन. आत्या, मी तुझ्याशेजारी बसून राहिले, आणि मला भूक लागली.

तब्येत सांभाळ. माया आहेच, तशीच राहू दे.
तुझी,
उत्तरा