उलटी ठेवलेली काडतुसं

६ ऑक्टोबर

गेले खाली! शेवटी! मार्चमध्ये हालवरला पुरून आल्यापासून तळघराचं दार उघडलं नव्हतं. ड्वेन म्हणतो, "आई, बाबांचं काडतुसं भरायचं यंत्र विकून टाकू. गिऱ्हाईक आहे." विकतोय मोठा! ते चालवायला मीच शिकणार आहे. महिनाअखेर एल्क हरणांच्या शिकारीचा हंगाम उघडेल, आणि दुकानातली काडतुसं घेऊन मी डोंगर चढणार नाही. हालवरने ती या घरात कधी येऊ दिली नाहीत. "डबाबंद सूप" म्हणायचा त्यांना.

टेबल होतं तसंच. खुर्ची मागे सरकवलेली, आत्ताच उठून गेल्यासारखी. बंदुकीची दारू मापायच्या नळकांड्यात ती तशीच — आणि शेजारी तिचा डबा नाही! नवलच. रोज जेवायला हाका मारून माझा घसा बसायचा आणि हा खालून ओरडायचा, "थांब गं, नळकांडं रिकामं केल्याशिवाय उठता येत नाही!" मग तेव्हाच कसा उठला?

फळीवर भरलेल्या काडतुसांचे दोन खोके सापडले, गेल्या हिवाळ्यातले. निम्मी काडतुसं उलटी, टोक खाली. काय हा वेंधळेपणा! सगळी पुसून सुलटी केली. आता बघवतंय.

८ ऑक्टोबर

शेजारचा म्हातारा ऑर्विल शिकवायला तयार झाला. हालवरचा जन्माचा शिकारसोबती. फी म्हणून हकलबेरीचा मुरंबा हवा म्हणे, आणि पावाला लावायचा नाही, नुसता चमच्याने खायचा.

आल्या आल्या त्याने नळकांडं पाहिलं. "हिचा डबा कुठाय?" नाही म्हटलं. उचललं आणि गुलाबांच्या वाफ्यात ओतून आला! मी किंचाळलेच. "अहो, त्याच्या हातची होती ती!"

"मॅक्सीन, कुठली दारू ते माहीत नसेल तर ती कुणाच्याच हातची नसते."

मग म्हणाला, दुसऱ्याने भरलेलं काडतूस उडवायचं नाही, सख्ख्या भावाचंसुद्धा. मी म्हटलं, लग्न झाल्यापासून हालवरचीच उडवतेय की मी!

"तू त्याच्याशी लग्न केलंस. त्यापुढे काडतुसाचा धोका तो काय!"

मेला! हसले मी. कितीतरी दिवसांनी.

११ ऑक्टोबर

भांडी घासत होते. खाली खट् झालं. यंत्राचा दांडा पडतो तसं. हिवाळाभर मी त्या आवाजावर भांडी घासायचे — खट्. मग शांत. मग खट्.

घर तापवायची भट्टी असेल. तिचा पत्रा वाजतो. पत्राच तो. पण हात साबणात तसेच राहिले.

१५ ऑक्टोबर

भरली! माझी पहिली काडतुसं! उडवलेल्या काडतुसांच्या पुंगळ्या साफ केल्या, बुडाला ठिणगीच्या टोप्या बसवल्या, दारू तोलली. प्रत्येक पुंगळीत बॅटरी मारून बघायला लावतो म्हातारा, तेव्हा कुठे गोळी बसवायची. दोन वाकडी झाली. "ही वळणाआडचं सावज मारायला ठेव," म्हणाला.

हालवरच्या प्रत्येक पुंगळीच्या बुडाला कानशीची बारीक चीर आहे. आपली ओळखायला पाडायचा. मीही पाडली, त्याच्या शेजारी दुसरी.

स्वैपाकघराच्या खिडकीत गेल्या वर्षीच्या एल्कची पुंगळी ठेवलीय. त्याने मला भरून दिलेलं शेवटचं काडतूस. एका गोळीत पडला होता तो नर! घरी येऊन सांगितलं, "हालवर, तुझ्या हाताला तोड नाही." आणि तो रडला. टेबलाशी बसून, घळाघळा. मी चिडवलं, म्हातारा झालास. तेव्हा गावात कुणीकुणी म्हणायचं, हालवर विसरतो हल्ली. पोस्टातल्या बाईशी तर मी कडाकडा भांडले होते त्यावरून.

२३ ऑक्टोबर

ड्वेन आला, वर डोंगरात चाललाय. तिथे फोन लागत नाही. "बाबांची भरलेली आहेत का गं काही?" मी एक खोका दिला. "अजून?" नाही म्हटलं. दुसरा पिठाच्या डब्यामागे लपवलाय. हंगामाची पहिली गोळी मी हालवरचीच मारणार. मग माझ्या.

२५ ऑक्टोबर

झालं ते सगळं लिहिते.

ऑर्विल मुरंब्याला आला होता. पिठाच्या डब्यामागचा खोका त्याला अभिमानाने दाखवला. म्हटलं, निम्मी उलटी ठेवलेली होती हो, मी सुलटी केली.

त्याने चमचा खाली ठेवला. "उलटी होती?"

"दोन्ही खोक्यांत."

"मॅक्सीन, भरताना शंका आली की ते काडतूस उलटं ठेवायचं. उलटं म्हणजे उडवू नका. मला हालवरनेच शिकवलं हे."

खाली जाऊन आम्ही एकेक फोडलं. पहिल्यातून बारीक काळ्या काड्या पडल्या. ऑर्विल म्हणाला, रायफलची दारू, बरोबर आहे. पुढच्यात दारूच नाही. त्याच्या पुढच्यातून बशीत चपट्या चकत्या पडल्या. पिस्तुलाची दारू! रायफल तोंडावर फुटते त्याने.

म्हणजे हालवरला कळत होतं. इथे एकटा बसून त्याला कळत होतं की आपल्याला कळेनासं झालंय. आणि मी वर भांडी घासत होते!

दुसरा खोका ड्वेनकडे आहे. मी स्वतः पुसून दिला. त्यातली कुठली उलटी होती ते आता देवालाच ठाऊक.

२६ ऑक्टोबर

हंगाम उघडला. ऑर्विलने गाडी काढली. पायवाटेच्या तोंडाशी ड्वेनचा पिकअप उभा, टपावर बर्फ. पुढे वाट बुजलेली. जंगलखात्याचा माणूस म्हणाला, घोड्यावरून वर निरोप धाडतो, तुम्ही घरी जा.

गेले नाही. डोंगरात बार वाजत होते. प्रत्येक बारानंतर मी कान देऊन बसायचे — दुसरा येतोय का. त्याच बंदुकीचा दुसरा बार आला तर माणूस धड आहे. एकदा आलाच नाही. ऑर्विल म्हणाला, "एका गोळीत पडलं असेल." माझ्याकडे न बघता म्हणाला.

२७ ऑक्टोबर

बर्फ. निरोप नाही. दुपारी खाली पुन्हा खट् झालं. मी वरूनच ओरडले, "पोराला सांभाळ!"

२८ ऑक्टोबर

ड्वेन आला. धडधाकट! आधी पोटाशी धरला, मग पाठीत धपाटा घातला. खोका होता तसाच.

"अगं, मी कशाला उडवतोय? बाबांनीच बजावलं होतं, गेल्याच्या गेल्या वर्षी. माझी काडतुसं आता कुणी उडवायची नाहीत, आणि आईला सांगायचं नाही. तुझ्या हाती राहू नये म्हणून नेला खोका."

"मग हिवाळाभर भरत कशाला होता रे तो?"

"खालचा आवाज थांबला असता तर तुला कळलं असतं."

"आणि माझा गेल्या वर्षीचा एल्क? तो त्याच्याच काडतुसाने पडला ना?"

तो खिडकीकडे बघायला लागला. मी खिडकीतली पुंगळी घेतली. वर्षभर रोज पुसते, बूड कधी पाहिलं नव्हतं. गुळगुळीत. चीर नाही. डबाबंद सूप.

ड्वेन झोपलाय. मी खाली आलेय. यंत्रात काही घातलेलं नाही. नुसता दांडा ओढतेय.