स्टिअरिंगचा पाव फेरा

९ मार्च, रविवार

प्रिय ताई,

नमस्कार. आम्ही सगळे ठीक आहोत, निदान या पहिल्या ओळीपुरते तरी. फोन सोडून पत्र का, तर फोनवर तू मला एक वाक्य पुरं करू देत नाहीस. इथे तुला मधे बोलायची सोय नाही, तेव्हा शेवटपर्यंत वाच.

आधी आपल्या म्हाताऱ्या गाडीची, आत्याबाईंची खबर. तू पाठवलेले गृहस्थ पुढच्या रविवारी गाडी बघायला येणार, म्हणून आज आत्याबाईंना शेडमधून काढून पुसलं. तासाभरात डोकं फिरलं. डावं दार अजूनही आतून उघडत नाही. काच खाली करायची, हात बाहेर घालायचा आणि बाहेरची कडी फिरवायची. उजवीकडे वळलं की हॉर्न आपोआप वाजतो. पेट्रोलचा काटा कायम अर्ध्यावर, टाकी भरलेली असो की कोरडी. जुन्या गाडीची काय शान, असं म्हणणाऱ्याला एकदा भर दुपारी आत्याबाईंसोबत चौकात सोडलं पाहिजे. लोक फोटो काढतात, म्हातारे थांबून 'आमच्याकडेही होती हो' म्हणत हळवे होतात, आणि ढकलायला एकजण पुढे येत नाही.

ओल्या फडक्याचा डबा आठवतो ना? इंजिन तापून गाडी बंद पडली की बाबा बॉनेट उघडून पेट्रोलच्या पंपावर फडकं ठेवणार आणि आपण दहा मिनिटं गप्प बसायचं. माझं अर्धं लहानपण त्या दहा मिनिटांत गेलं. बरं, ते संपलंही नाही. नोव्हेंबरात लेकीची परीक्षा होती. मी म्हणत होतो, बसने जाऊ. बाबा म्हणाले, "मी असताना बस कशाला?" मग चौक, मग फडकं. लेक रडकुंडीला आली आणि हे शांत. मला म्हणतात, "अरे, तापलीय ती. तुला ताप आला की आम्ही तुला ढकलत होतो का?" पोर वीस मिनिटं उशिरा पेपरला बसली.

त्या दिवशी मी मनाशी काहीतरी ठरवलं. ते सांगतोच, पण आधी खांबाचं.

खांबाचं तुला माहीत आहे, पण बाबांचं त्यानंतरचं माहीत नाही. फाटकाच्या खांबावर गाडी गेली तेव्हा कपाळाला नुसतं टेंगूळ आलं. ते उतरले, किल्ली माझ्या हातात दिली आणि म्हणाले, "माझा हात गेला रे." एवढंच. त्याला आता पाच आठवडे झाले. चहाचा कप दोन्ही हातांनी धरतात. कुलूप लावायला नातीला हाक मारतात. परवा रस्ता ओलांडताना त्यांनी माझी बाही पकडली, ताई! आयुष्यभर आपल्याला मानेला धरून रस्ता पार करवणारा माणूस. तू फोनवर म्हणालीस, "वय झालं त्यांचं, गाडी विकून टाक, मी त्यांना कायमचं इकडे घेऊन येते," आणि मी म्हणालो, "हो ना."

ते 'हो ना' मला गिळवत नाही. म्हणून हे पत्र.

बाबा डोळ्याच्या ऑपरेशनला तुझ्याकडे तीन आठवडे होते, तेव्हा मी गाडी मिस्त्रीकडे नेली. 'माझ्यामागे तिला कोणी हात लावायचा नाही' असं बजावून गेले होते, तरी नेली. क्लच बदलला, पंप बदलला आणि स्टिअरिंग घट्ट करून घेतलं. हॉर्न आणि दार मुद्दाम तसंच ठेवलं, म्हणजे त्यांना संशय यायला नको. स्वतःच्या हुशारीवर खूश होतो मी.

ते स्टिअरिंग पाव फेरा मोकळं होतं. तेवढं फिरेपर्यंत चाकं हलायचीच नाहीत. चाळीस वर्षं बाबा वळणाच्या आधीच तो पाव फेरा फिरवून ठेवायचे. तुझ्याकडून आल्यावर पहिल्यांदा गाडी काढली त्या सकाळीही त्यांनी तेच केलं, अगदी बिनचूक. फक्त या वेळी चाकं लगेच वळली. समोर खांब होता.

डोळा नाही, वय नाही, हात तर नाहीच नाही. मी केलं ते. आणि गाडीतून उतरलेल्या बापाचा चेहरा बघूनही मी तोंड उघडलं नाही. लाज वाटते लिहायला.

हिला काल सांगितलं. ती म्हणाली, "मला काय सांगताय? त्यांना सांगा."

सोमवार, संध्याकाळ

पत्र सकाळी टाकणार होतो, राहिलं. बाबांना सांगितलं.

चहा पीत होते. मी सगळं एका दमात बोलून टाकलं. ते म्हणाले, "स्टिअरिंग किती मोकळं ठेवलंय?"

"अजिबात नाही."

"आणि क्लच?"

"पेडल जरा सोडलं की खालीच धरतो आता."

"गाढवा!" ते ओरडले. "पाच आठवडे मी स्वतःला मेल्यात जमा धरून बसलोय!" खरंच संतापले होते. त्यातच मला दिसलं, कप एका हातात होता आणि दुसऱ्या हाताने ते हवेत स्टिअरिंग फिरवून बघत होते.

पुढचा तासभर शाळेमागच्या मैदानात गेला. मी शिकवायचं, त्यांनी शिकायचं, असं ठरलं होतं. प्रत्यक्षात ते चालवत होते आणि शिव्या मी खात होतो. "आता ही कोणीही चालवेल! हिच्यात राहिलं काय?" दोनदा गाडी उगाच वळली, तिसऱ्यांदा सरळ गेली. येताना फाटकातून आत त्यांनीच घेतली. मी डोळे मिटून घेतले होते. उघडले तेव्हा गाडी शेडमध्ये होती आणि हे माझ्याकडचं दार बाहेरून उघडून उभे होते. "उतर. का तुलाही हात धरून नेऊ?"

त्या गृहस्थांना येऊ नका म्हणून कळव. बाबांची खोली लावायला घेतली असशील, तर तीही थांबव. ते म्हणतात, येणार, पण स्वतः गाडी चालवत. ओल्या फडक्याचा डबाही बरोबर घेणार आहेत, पंप नवा आहे हे दहादा सांगूनही. मी हात टेकले.

रागवायचं असेल तेवढं रागव, फोनवर, मधे न थांबता. मी ऐकून घेईन.

खांब पाडणारा,
तुझा भाऊ