सखुबाईंच्या राबाचा धूर

प्रति,
मा. वनपरिक्षेत्र अधिकारी,
वनपरिक्षेत्र कार्यालय, सागखिंड, जि. रायगड

विषय : सखुबाई कोंडाजी घरत यांच्यावरील वणव्याची नोटीस मागे घेऊन राब भाजू देण्याबाबत.
संदर्भ : आपले दि. २ मे २०२३ चे पत्र, 'यंत्रास हजर ठेवणेबाबत'.

महोदय,

१. अर्जदार रसायनशास्त्राची पदवीधर असून तिने चौल येथील घरच्या वाडीत, पाण्याच्या टाकीवर, हवेतले वायू मोजणारे यंत्र बसवले आहे. डोंगरावरचा वणवा डोळ्यांना दिसण्याआधी हवेत पकडता येतो का, हे तिला पाहायचे होते. येतो.

२. १२ एप्रिलला सकाळी ६.१० वाजता, डोंगराकडून वारा असताना, कार्बन मोनॉक्साइड चौपट झाला. अमोनिया जागचा हलला नाही. म्हणजे जळत होते ते सुके गवत आणि लाकूड. अमोनिया वाढला ९.०५ ला. डोंगराखालच्या खाचरात सखुबाईंनी तेव्हा राब पेटवला. राबात पाल्याबरोबर शेण असते आणि शेणाच्या धुरात अमोनिया असतो. भाताचे रोप याच भाजलेल्या जमिनीत तयार होते, हे आपणास सांगणे नको.

३. वनरक्षकांच्या पंचनाम्यात मात्र वणवा सखुबाईंच्या राबातून ९.१५ ला 'सुरू झाला', कारण त्यांना तो ९.१५ ला दिसला. तोवर ते पाहुण्यांना आणायला रेवस जेटीवर गेले होते. डोंगर त्यांच्यासाठी तीन तास थांबला असल्यास त्याचे कौतुक आहे. शिवाय वारा समुद्राकडे वाहत होता. सखुबाईंच्या ठिणगीला वाऱ्याविरुद्ध डोंगर चढावा लागला असता. पंचनामा चालू असतानाच सखुबाईंनी वनरक्षकांना विचारले, "भाऊ, त्या डोंगरावर माझी करवंदं हायत. ती जाळून मी काय राख इकू?" हे वाक्य पंचनाम्यात नाही.

४. अर्जदाराने या नोंदी कळवल्यावर, यंत्राने धूर 'डोळ्यांनी पाहिला' काय, असे आपण विचारलेत व त्यास ओळखपत्रासह बोलावलेत. अर्जदार त्याला मांडीवर घेऊन एस.टी.ने आली. कंडक्टरने त्याचे अर्धे तिकीट घेतले. आपल्या लिपिक विनिताताईंनी जबाब लिहून घेतला : वय अडीच वर्षे, धंदा वास घेणे. पुढे अंगठ्याची जागा आली. अंगठा नसल्याने जबाब अपूर्ण ठरला व दोघांनाही परत पाठवण्यात आले. दरम्यान टेबलावर चालू असलेल्या यंत्राने कार्यालयामागे पेटवलेल्या पाल्याचीही नोंद घेतली. ती सोबत जोडलेली नाही. मागितल्यास देता येईल.

५. सुनावणी २६ जूनला आहे. तोवर राब पेटवण्यास मनाई आहे. अर्धा राब भाजायचा राहिला आहे आणि पेरणी जूनच्या पहिल्या आठवड्यात. सुनावणीत सखुबाई निर्दोष ठरल्या तरी तोवर रोप झालेले नसेल, आणि रोप नाही तर यंदा घरात भात नाही.

६. सबब सखुबाई रविवार, दि. १४ मे रोजी सकाळी नऊ वाजता उरलेला राब भाजणार आहेत. मनाईची त्यांना कल्पना आहे. अर्जदाराने समजावून पाहिले, उत्तर मिळाले, "पोरी, तुझ्या सायबाला म्हणावं, ये नि बघ. मी पोहे करते." तरी आपण स्वतः यावे व धूर कुठे जातो ते पाहावे. येताना नोटिशीची कार्यालयातली प्रत आणावी. सखुबाईंकडची प्रत त्यांनी राब पेटवायला काढून ठेवली आहे.

आपल्या उत्तराची नव्हे, आपलीच वाट पाहणारी,

(सही)
कु. मैथिली वर्तक
चौल, दि. ११ मे २०२३

सोबत : यंत्राच्या १२ एप्रिलच्या नोंदी, पाने तीन.